पोटगीचं गाव कोणतं?

न्यूयॉर्कच्या कोर्टात घटस्फोट झाला आणि मुलीची पोटगी ठरली. पुढे वडील नोकरीसाठी टेक्सासला गेले, आई मुलीला घेऊन न्यू जर्सीत राहायला आली. मुलगी वाढली तसा तिचा खर्चही वाढला, पण पोटगीचा आकडा तोच राहिला. आता आईनं दाद कुठं मागायची? गोष्ट काल्पनिक आहे, पण न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एखाद्या मराठी घरातही ती सहज घडू शकेल.

उत्तर विचित्र वाटेल: टेक्सासच्या कोर्टात.

पूर्वी एकाच मुलासाठी दोन-तीन राज्यांचे वेगवेगळे हुकूम असत. त्यावर 1992 साली आंतरराज्य पोटगीचा एकसमान कायदा तयार झाला: एका वेळी एकच हुकूम चालेल. केंद्राचं अनुदान हवं असेल तर तो स्वीकारा, असं 1996 साली राज्यांना बजावण्यात आलं. तिघंही न्यूयॉर्क सोडून गेल्यावर, दोघांची लेखी संमती नसेल तर, तिथल्या कोर्टाला रक्कम बदलता येत नाही. ज्याला बदल हवा, त्यानं समोरच्याच्या राज्यात जायचं. वडिलांना रक्कम कमी करून हवी असेल तर त्यांनी न्यू जर्सी गाठायची. घरच्या मैदानाचा फायदा कुणालाच नाही.

यामागे एक जुना पेच आहे. मुलं न्यूयॉर्कच्या वडिलांकडून कॅलिफोर्नियात आईकडे राहायला गेली आणि आईनं तिथं वाढीव पोटगी मागितली. मुलीचं विमानाचं तिकीट वडिलांनीच काढलं होतं. एवढ्यानं बाप कॅलिफोर्नियाच्या कोर्टाच्या कक्षेत येत नाही, असा निकाल 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं दिला. तो लिहिला न्या. थर्गुड मार्शल यांनी. मुलाची गरज एका गावी आणि बापावरची सत्ता दुसऱ्या गावी, हे त्यातून पक्कं झालं.

पण कर्तव्याला गाव असतं का? इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी 1765 साली मुलांचं पालन हे निसर्गनियमातलं कर्तव्य मानलं. निसर्गनियम राज्याच्या वेशीवर थांबत नाही. आकडा मात्र थांबतो. न्यूयॉर्क आई-बापांचं उत्पन्न एकत्र धरतं, एका मुलासाठी त्याचे 17 टक्के काढतं आणि ते दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटतं. जणू घर मोडलंच नाही! टेक्सासचं सूत्र देणाऱ्याच्याच निव्वळ उत्पन्नाकडे बघतं आणि एका मुलासाठी 20 टक्के धरतं. ही नुसती गणितं नव्हेत. न्यूयॉर्कच्या लेखी मूल दोघांच्या संसाराचं वाटेकरी आहे, टेक्सासच्या लेखी देणाऱ्याच्या मिळकतीचं. आईनं टेक्सासमध्ये अर्ज केला की न्याय मोजायची फूटपट्टीच बदलते.

बदलत नाही ती मुदत. न्यूयॉर्कमध्ये पोटगी 21 वर्षांपर्यंत असते. टेक्सासमध्ये साधारण 18 किंवा शाळा संपेपर्यंत, जे नंतर येईल ते. तरी या मुलीला 21 पर्यंत पैसे मिळतील, कारण मुदत पहिल्या हुकमाच्या राज्याची. वारशाची मिताक्षरा पद्धत पाळणारं हिंदू कुटुंब बंगालात गेलं तरी आपोआप तिथल्या दायभाग पद्धतीचं होत नाही, ते आपला कायदा सोबत नेतं, असं आपल्याकडची न्यायालयंही मानत आली. मुदतीचा हा नियम योग्यच म्हणायचा, नाहीतर बिऱ्हाड हलवून तीन वर्षांचा भार टाळता आला असता. पण उलट बाजू बोचते. टेक्सासचा हुकूम घेऊन न्यूयॉर्कला आलेल्या मुलाची पोटगी, शेजारच्या मुलाची चालू असतानाच, संपते.

आणि या धावपळीत वडिलांची नोकरी गेली तर? 1986 च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार थकलेला हप्ता मागाहून माफ होत नाही. फार तर अर्जाची नोटीस आईला गेल्यापासून पुढची रक्कम बदलू शकते. म्हणजे न्यू जर्सीत वकील शोधण्यात गेलेला प्रत्येक महिना जुन्याच आकड्यानं त्यांच्या नावावर चढतो.