ऑटोवर टाकलेली मोटर

उसाला आज पाणी द्यायचे की नाही, हे आपल्याकडे ऊस ठरवत नाही. डीपीवर लाईट कधी येते, भावकीतल्या विहिरीवर पाळी कोणाची, कालव्याचे आवर्तन सुटले का, यावर ते ठरते. थ्री-फेज रात्री येणार, थंडीत उठायचे कोणी, म्हणून मोटर ऑटोवर टाकून माणूस झोपतो. रानात वाफसा आहे की चिखल, हे सकाळी कळते. बहुतेकदा तेव्हाही कोणी बघत नाही.

हिशेब तसा सातवीच्या पोराला जमावा इतका सोपा आहे. ऊन, वारा आणि हवेतला दमटपणा यांवरून दिवसाला किती पाणी उडते याचा आकडा निघतो. त्याला पिकाच्या वयाप्रमाणे गुणांक लावायचा. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1998 साली हे गुणांक छापले. कोवळ्या उसाला 0.40, जोमातल्या उसाला 1.25. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4,000 लिटर. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी 7 मिलिमीटर पाणी उडते असे धरा. कोवळ्या उसाची त्या दिवसाची गरज एकरी 11,000 लिटरच्या आसपास भरते, जोमातल्या उसाची 35,000च्या. पाटाने एकदा 75 मिलिमीटर भिजवले की तीन लाख लिटर गेले. कागदावर कोवळ्या उसाचे ते 26 दिवसांचे पाणी. पण तेवढे धरून ठेवायला मुळे खोल गेलेली नसतात. पाणी खाली जाते आणि जाताना विकतचा युरियाही घेऊन जाते.

'माझी विहीर, माझे पाणी, तुमच्या पोटात का दुखते?' हा प्रश्न पारावर हमखास येतो. त्याला उत्तर दिले पाहिजे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून फिरते, आणि त्या भेगा कोणाचा सातबारा वाचत नाहीत. आज पिकाने न मागता मी उपसलेले पाणी मार्चमध्ये खालच्या आळीच्या आडात कमी पडते, आणि हंडा घेऊन मैलभर चालते ती माझी बायको असतेच असे नाही. दुसऱ्याच्या धान्याच्या पोत्याला हात लावायला आपण धजणार नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र त्याच कृत्याला बागायतदारी म्हणतो! ज्याच्याकडे पाणी भरपूर त्याचेही भले होत नाही. शिरोळ-वाळव्याकडची चोपण झालेली राने जाऊन पाहावीत.

ही जाणीव नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कालव्याच्या पाण्याला प्रत्येक शेताच्या गरजेपुरती तोटी असावी असे सुचवले होते. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटले आणि ऊस वर्ज्य केला. आपण त्यांच्या जयंत्या करतो, तोटी विसरतो.

ठिबक बसवले की पाणी वाचले, ही तर नवी अंधश्रद्धा. अनुदानाच्या लॅटरलमधूनही सहा-सहा तास पाणी सोडता येते, आणि सोडले जाते.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पुढचे आवर्तन येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस मिळेल तेवढे पाणी घेणारच. वीजबिल वर्षानुवर्षे अश्वशक्तीवर आकारले गेले. 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज फुकट आहे. मोजण्याचे कारणच सरकारने काढून घेतले. दिवसा खात्रीची वीज आणि वेळेवरचे आवर्तन मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त ते मिळेपर्यंत रात्रभर मोटर चालू ठेवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत उभी आहेत. पीकविम्याची वेळ आली की त्यांच्या पावसाच्या नोंदीवरून आपण मिलिमीटरसाठी भांडतो. तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदीही तिथेच होतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तर त्यावरून पाण्याची गरज काढणारी मोबाइल अॅप्सही केली आहेत. येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडावा: पंचायतीच्या फलकावर रोज सकाळी काल उडालेल्या पाण्याचा आकडा खडूने लिहायचा, त्याखाली ऊस, कांदा, डाळिंबाची एकरी लिटरमधली गरज, आणि आठवड्यातून एकदा गावातल्या विहिरींची पातळी. फलक लिहिण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे द्यावे, कारण मोठ्यांना त्यांच्यासमोर आकडा नाकारणे जड जाईल.