कडा आणि कठडा

भय आणि आनंद एकाच जागीं नांदूं शकतात कीं नाहीं, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा म्हणून आपण सहसा ग्रंथकारांवर सोंपवून मोकळे होतों. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परदेशीं गेली आहे, त्या घराला तो इतक्या स्वस्तांत टाळतां येत नाहीं. तेथें तो जेवतांना, झोंपतांना, फोनची वाट पाहतांना पुनः पुनः डोकें वर काढतो.

माझी एक विद्यार्थिनी डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांत शिकत असतां सप्टेंबर २०२३ मध्यें, एका सुटीच्या दिवशीं, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोहेरचे कडे पाहावयास गेली. पहांटे बसनें निघावें, साडेतीन तास प्रवास करावा, दोन तास कडे पाहावे आणि रात्रीं परत यावें, असा तो बेत होता. इतक्या थोड्या वेळांत जें उरकतें त्याला 'पाहणें' म्हणावें कीं नाहीं, हा वाद मी येथें काढीत नाहीं; काशीयात्राही आतां लोक दोन दिवसांत उरकतात. तिनें मला पत्र लिहिलें. आजच्या रीतीप्रमाणें तो ई-मेल होता, पण लांबी जुन्या पत्राची होती. त्यांतील वर्णनाचा भाग मी गाळतों. वाचकांस इतकेंच सांगणें पुरे कीं, हे कडे सुमारें चौदा किलोमीटर अटलांटिक महासागरावर सरळ उभे असून, जेथें ते सर्वांत उंच आहेत तेथें त्यांची उंची २१४ मीटर भरते. त्या उंच भागाजवळ कॉर्नेलियस ओब्रायन नांवाच्या जमीनदारानें १८३५ सालीं प्रवाशांसाठीं एक मनोरा बांधला. हा गृहस्थ इतका बांधकामवेडा होता कीं, कडे तेवढे सोडून आसपासचें सारें त्यानेंच बांधलें, असें तिकडे गमतीनें म्हणतात. मनोऱ्याच्या परिसरांत कड्याच्या कडेला उभ्या फरशांची भिंत आहे. ती संपली कीं त्या वेळीं पुढें शेतकऱ्यांच्या जमिनींतून पायवाट जात असे, आणि त्या वाटेवर कितीएक ठिकाणीं माणूस व समुद्र यांच्यामध्यें केवळ गवत होतें.

मुलगी भिंतीच्या टोंकाशीं थांबली. बसमधील बरीच मंडळी पुढें गेली. 'भिंतीच्या आड राहून मीं जें पाहिलें तें खरेंच पाहिलें का? कीं कडा पलीकडे गेलेल्यांनींच पाहिला?' असें तिनें मला विचारलें. तेंच पत्र वाचून तिच्या वडिलांनीं (ते माझे जुने स्नेही) निराळाच प्रश्न केला: 'सबंध चौदा किलोमीटर भिंत बांधावयास त्या सरकारला काय झालें होतें?'

मुलीच्या प्रश्नाचें उत्तर तिला कॉलेजच्या दाराशींच मिळण्यासारखें होतें. तेथें एडमंड बर्क याचा पुतळा आहे. बर्क हा त्याच कॉलेजचा विद्यार्थी. राजकारणांत नांव होण्यापूर्वीं, १७५७ सालीं, त्यानें उदात्त आणि सुंदर यांच्या उगमाविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, उदात्ताचें मूळ भयंकरांत आहे. परंतु तें भय अगदीं अंगाला येऊन भिडलें, तर उरते ती नुसती भीति. मध्यें कांहीं अंतर राहील तरच त्यांतून आनंद निष्पन्न होतो. पुढें १७९० मध्यें कांटनेंही डोक्यावर झुकलेले कडे, वादळें, खवळलेला समुद्र यांचीं उदाहरणें देऊन हीच अट घातली कीं, पाहणारा सुरक्षित असला पाहिजे. म्हणजे भिंत त्या अनुभवाच्या आड आली असें मानण्याचें कारण नाहीं. पलीकडे गेलेल्या इसमाचें लक्ष आपल्या पायांकडे असतें, किंवा हल्लींच्या काळीं कड्याकडे पाठ करून हातांतील फोनकडे असतें. कडा पाहावयास त्याला सवड कोठली?

इतक्यावर आमचे स्नेही खूष होतील. पण बर्कनें अंतर मागितलें, भिंत मागितली नाहीं. हरिश्चंद्रगडावर कोंकणकड्याशीं गेलेला जाणता माणूस पोटावर पालथा निजतो, हळूहळू पुढें सरकतो आणि मग खालीं डोकावतो. या मुलीनेंही तो कडा तसाच पाहिलेला आहे. तेथें तिचें रक्षण कोणत्या कठड्यानें केलें? येथें जॉन स्टुअर्ट मिल आठवतो. स्वातंत्र्यावरील त्याच्या १८५९ मधील निबंधांत एक मोडकळीस आलेला पूल आहे. त्यावर पाऊल टाकणाऱ्याला सावध करण्यास अवधि नसेल, तर त्याला धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं, कारण नदींत पडावें ही कांहीं त्याची इच्छा नसते. परंतु धोका निश्चित नसून केवळ संभाव्य असेल आणि तो त्याला ठाऊक असेल, तर जावें कीं न जावें हें त्यानेंच ठरवावें. इतरांनीं सूचना द्यावी, हात धरूं नये. आपल्याकडील सुशिक्षितांनीं हा निबंध परीक्षेसाठीं पाठ केला आणि घरीं मात्र हात धरण्याचेंच धोरण चालविलें. मुलानें कोणती शाखा घ्यावी, कोठें नोकरी करावी, कोणाशीं लग्न करावें, जेथें तेथें चौदा किलोमीटरची भिंत तयार!

तथापि मिलची सारी इमारत 'ठाऊक असेल तर' या शब्दांवर उभी आहे, आणि मोहेरला नेमके तेच शब्द डळमळतात. तो खडक तीस कोटी वर्षांहून जुना आहे. प्राचीन नदीनें समुद्रांत आणून टाकलेले वाळूचे व चिखलाचे थर एकावर एक दाबले जाऊन तो झाला. चिखलाचे थर ठिसूळ, वाळूचे कठीण. लाटा आणि पाऊस ठिसूळ थर आधीं पोंखरतात, आणि वरचा कठीण थर सज्ज्यासारखा अधांतरीं पुढें राहतो. एके दिवशीं तोही कोसळतो. वर मात्र हिरवें गवत असतें. त्या गवतावर उभा असलेला माणूस कितीही सावध असो, आपल्या पायांखालीं खडक आहे कीं वारा, हें त्याला दिसत नाहीं. पालथें निजूनही दिसत नाहीं. कड्याचा धोका त्यानें पत्करलेला असतो. पायांखालच्या पोकळीचा धोका त्यानें पत्करला, असें म्हणतां येणार नाहीं.

२०२४ सालीं, त्या पायवाटेवर अपघातानें कांहीं मृत्यू घडल्यानंतर, तिचा मोठा भाग बंद करण्यांत आला. मला तो निर्णय योग्य वाटतो, पण स्नेह्यांना वाटतो त्या कारणासाठीं नव्हे. तरुणांना अक्कल नसते म्हणून वाट बंद करणें निराळें, आणि जमीनच आपलें खरें स्वरूप लपविते म्हणून बंद करणें निराळें. पहिल्या कारणाला अंत नाहीं. वयाच्या चाळिसाव्या वर्षींही मुलाला तेंच ऐकविणारे बाप मीं पाहिले आहेत. दुसरें कारण तपासून पाहतां येतें, आणि तपासणारा वाट चार पावलें आंत सरकवून ती पुनः खुलीही करूं शकतो. घरांतील प्रत्येक बंदीला मी हीच कसोटी लावीन. येथें अशी कोणती पोकळी आहे, जी मला दिसते आणि मुलाला दिसणें शक्य नाहीं? तिचें नांव सांगतां येत नसेल, तर ती भिंत आईबापांच्या झोंपेसाठीं बांधलेली आहे. आईबापांची झोंप ही क्षुद्र वस्तु आहे, असें मात्र कोणीं समजूं नये.

मोहेरला त्या कड्यांवर प्राण गमावलेल्यांची एक स्मृतिशिला आहे. आपल्या रायगडावरचें स्मारक जिवंत राहिलेल्या स्त्रीचें आहे. हिरकणी गवळण कोजागरीच्या दिवशीं दूध घेऊन गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, आणि घरच्या तान्ह्या मुलासाठीं ती रात्रीं कडा उतरून गेली, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर लिहिणारे आईच्या मायेपाशीं थांबतात. मला नेहमीं पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा वाटतो. महाराजांनीं तिचा सन्मान केला आणि ती जेथून उतरली तेथेंच बुरूज बांधून ती वाट बंद केली. तिच्या धाडसाला त्यांनीं मूर्खपणा म्हटलें नाहीं, आणि गडाला पडलेलें भगदाडही उघडें ठेविलें नाहीं. त्या बुरुजाला त्यांनीं तिचेंच नांव दिलें. बुरूज उभा राहिल्यावर दुसऱ्या एखाद्या गवळणीला गडावर उशीर झाला असेल, तर तिनें काय केलें, हें मात्र आख्यायिका सांगत नाहीं.