कोणत्या वर्षाचा रंग?

लढाऊ विमानांना शहरांच्या चौकांत चौथरे मिळतात. मालवाहू विमानांच्या वाट्याला बहुधा भंगाराचा लिलाव येतो. धान्य, औषधे, टपाल, सैनिक, जखमी, जे चढवाल ते न्यायचे आणि रिकामे होऊन परत यायचे, हे त्यांचे काम. विजयाच्या बातमीत त्यांचे नाव क्वचितच असते. त्यामुळे जगात काही ठिकाणी माणसे सुट्टीचे दिवस खर्चून, एक पैसा न घेता, अशी निवृत्त विमाने दुरुस्त करतात आणि रंगवतात, त्याला केवळ हौस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ते हातांनी केलेले इतिहासलेखन आहे. आणि इतिहासलेखनाला लागू पडणारी सचोटीची कसोटी त्यालाही लागू पडते.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण घेऊ. ‘हिस्टॉरिकल एअरक्राफ्ट रिस्टोरेशन सोसायटी’ ही स्वयंसेवकांची संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडचे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन हे मुळात अमेरिकन हवाई दलाचे सी-१२१सी, म्हणजे वाहतुकीचे विमान. निवृत्तीनंतर ते ॲरिझोनातल्या टक्सनजवळच्या वाळवंटात उभे होते. तिथली हवा कोरडी असल्याने अमेरिका आपली जुनी विमाने तिथे ठेवते. ऑस्ट्रेलियातले स्वयंसेवक पॅसिफिक ओलांडून तिथे जात, काम करत आणि आपापल्या नोकरीधंद्यावर परतत. अशा खेपांतून विमान उडण्याजोगे झाले आणि १९९६ मध्ये ते स्वतःच्या पंखांवर सिडनीत उतरले.

या कामातला मोठा वाटा कंटाळवाणा असतो, आणि त्याचे मोल तिथेच आहे. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजून लाल होत नाही. रंगाखाली पांढरी भुकटी धरते, पत्रा आतून पोखरला जातो. ते दिसायचे तर आधी जुना रंग थरांमागून थर उतरवावा लागतो. खराब पत्र्याचे रिवेट एकेक करून काढायचे, नवा पत्रा बेतायचा, पुन्हा रिवेट मारायचे. रिवेट मारायला सहसा दोन माणसे लागतात: एक बाहेरून हातोडायंत्र चालवतो, दुसरा आत अंग चोरून बसतो आणि लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. आतल्याचा हात हलला की रिवेट वाया जातो. मग धातू स्वच्छ करणे, गंजरोधक अस्तर देणे, आणि सर्वांत शेवटी रंग. पाहुण्यांना दिसतो तो हा शेवटचा थर. त्यामुळे सगळी जबाबदारीही त्याच्यावर येते.

कारण रंग देताना प्रश्न उभा राहतो: या विमानाच्या आयुष्यातले कोणते वर्ष दाखवायचे? सिडनीत आलेल्या त्या विमानाला क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या प्रवासी विमानांसारखे रूप दिले गेले. ते विमान क्वांटाससाठी कधीच उडाले नव्हते. मात्र कंपनीचे नाव जिथे असायचे तिथे ‘कॉनी’ हे या जातीच्या विमानाचे लाडके नाव लिहिले गेले. ऑस्ट्रेलियन माणसाच्या आठवणीतली सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी होती, त्यामुळे ही निवड समजण्याजोगी आहे. खोटे नाव टाळले, हेही खरे. तरीही त्या रंगाखाली एका सैनिकी मालवाहू विमानाची दोन दशकांची सेवा झाकली जाते. ती शेजारच्या फलकावर ठळकपणे सांगितली पाहिजे, एवढे ऋण रंगवणाऱ्यांवर राहते.

रंग ही सजावट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९४४ चा जून आठवावा. त्याआधीच्या जुलैत, सिसिलीच्या मोहिमेत, छत्रीसैनिक घेऊन निघालेली २३ अमेरिकन वाहतूक विमाने दोस्तांच्याच तोफांनी पाडली होती. ते पुन्हा होऊ नये म्हणून नॉर्मंडीच्या हल्ल्याआधी अवघे दोनतीन दिवस विमानांवर काळेपांढरे पट्टे ओढण्याचा हुकूम सुटला. जमिनीवरच्या जवानांनी मिळेल त्या ब्रशने ते घाईघाईत ओढले. कडा वाकड्या, ओघळ आलेले. आज असे विमान रंगवताना ते पट्टे पट्टी लावून आखीवरेखीव काढले, तर दिसायला देखणे होतील; पण ती घाई आणि तिच्यामागची ती भीती पुसली जाईल.

त्याच हल्ल्यात छत्रीसैनिकांच्या मुख्य ताफ्याच्या अग्रभागी असलेले सी-४७ विमान, ‘दॅट्स ऑल, ब्रदर’, युद्ध संपल्यावर विकले गेले आणि अनेक मालकांच्या हाती फिरत राहिले. ते कोण होते हे सगळे विसरले. अखेर एका संशोधकाने कागदपत्रांतल्या क्रमांकावरून माग काढला, तेव्हा कळले. २०१५ पर्यंत ते विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश इथे नवी टर्बोप्रॉप इंजिने बसवून घेण्याच्या रांगेत होते. ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ या स्वयंसेवी संघटनेने लोकवर्गणी काढून ते सोडवले. २०१८ च्या जानेवारीत ते पुन्हा उडाले आणि २०१९ मध्ये, ७५ व्या स्मृतिदिनाला, नॉर्मंडीला जाऊन आले. कागदावरचा एक क्रमांक जपला गेला म्हणून एवढे घडले. दुरुस्तीची पहिली पायरी दप्तर आहे, ब्रश नंतर येतो.

आपल्याकडे याची उलट बाजू घरोघर माहीत आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणातल्या कोरीव मंदिरांना ऑइलपेंट फासलेला आपण गावोगाव पाहिला आहे. फासणाऱ्यांची श्रद्धा खोटी नसते, कष्टही खोटे नसतात. तरी शिल्पाची धार रंगात बुडते. माया पुरेशी नसते, अभ्यास लागतो. जे बदलले त्याची नोंद ठेवणे आणि नवे ते नवे म्हणून सांगणे, हा नियम दगडाला आणि ॲल्युमिनियमला सारखाच आहे.

या जुन्या यंत्रांवर एवढे कष्ट कशाला, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. गरजांची यादी नेहमीच मोठी असते. माझे उत्तर असे की या कामातून विमानाइतकेच कसबही वाचते. जुने मेकॅनिक थकत चालले आहेत. त्यांच्या हातातले ज्ञान पुस्तकात पूर्ण उतरलेले नाही. ते शेजारी उभे राहूनच घेता येते.

अशी विमाने जपण्याचा प्रश्न भारतासाठी अगदी जवळचा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिले जवान उतरवले ते डकोटांनी, म्हणजे सी-४७ च्याच जातीच्या विमानांनी. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात टांगाईलला छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. तिलाही डकोटा, पॅकेट अशा वाहतूक विमानांनीच नेले. २०१८ मध्ये हवाई दलाला भेट मिळालेले ‘परशुराम’ हे डकोटा आज आपला अभिमान आहे. पण ते उडते करण्याचे काम ब्रिटनमध्ये झाले, हे विसरू नये.

गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. आधी एअर इंडिया, मग हवाई दल, मग नौदल, अशी तीन आयुष्ये ते जगले. समुद्राची खारी हवा ॲल्युमिनियमला मानवत नाही. अशा विमानाला वर्षानुवर्षे जाणत्या हातांची गरज असते. आणि ते हात आपल्याकडे आहेत. सांताक्रूझच्या कार्यशाळांत आयुष्य घालवलेले, नाशिकजवळ ओझरला विमाने बांधलेले, दुरुस्त केलेले कितीतरी तंत्रज्ञ आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत. संग्रहालयांनी त्यांना सन्मानाने बोलवावे, आयटीआयची मुले त्यांच्या हाताखाली द्यावीत, आणि प्रत्येक विमानाची दुरुस्तीवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. ज्यांच्याकडे जुन्या नोंदवह्या, छायाचित्रे, रंगाचे नमुने असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता या संस्थांकडे पोचवावेत. ही माणसे आहेत तोवरच हे होऊ शकेल.