छाप पाडावी, पण सोंग घेऊ नये



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या घराघरांत नवी धावपळ सुरू होते. बायोडाटा टाइप करायचा, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायच्या आणि भुसावळला, जळगावला, कधी थेट पुण्याला मुलाखतीसाठी निघायचे. निघताना आई कपाळावर क्रूसाची खूण करते आणि वडील बजावतात, "साहेबांवर चांगली छाप पाड रे बाबा!" सल्ला प्रेमाचाच असतो. पण छाप पाडायची म्हणजे नेमके काय करायचे? आहोत ते नीट दाखवायचे, की नाही ते भासवायचे?

आपण यावल-रावेरच्या केळीच्या मुलखातले लोक, तेव्हा उदाहरणासाठी लांब जायला नको. घड उतरला की फण्या वेगळ्या करतात, पाण्याने धुतात आणि खोक्यात नीट रचतात. ह्यात फसवणूक नाही, घेणाऱ्याविषयीचा आदर आहे. पण कार्बाइडने घाईघाईत पिकवलेले केळे वरून पिवळेधमक दिसते आणि आत कच्चेच राहते. त्याला कायद्याने बंदी आहे, कारण त्याचा अपाय खाणाऱ्याला होतो. मुलाखतीतही धुणे वेगळे आणि कार्बाइड लावणे वेगळे.

ह्याच फैजपूरने एकदा साऱ्या देशावर छाप पाडली होती. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस आले. त्यांनी शहरी थाटाची नक्कल केली नाही; बांबूसारख्या साध्या, गावाकडे मिळणाऱ्या वस्तूंतून अधिवेशनाची नगरी सजवली. खेड्याने शहराचे सोंग घेतले नाही. खेडे म्हणूनच ते नीटनेटके उभे राहिले आणि लोकांच्या लक्षात राहिले.

मुलाखतीपूर्वीची तयारी अशीच असावी. कर्ज काढून सूट शिवण्याची गरज नाही. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट पुरे. एसटीचा भरवसा नसेल तर आधीची गाडी पकडावी. ज्या ठिकाणी जायचे तेथे काय काम चालते हे विचारून घ्यावे, घरी बोलण्याचा सराव करावा. हे सारे धुण्या-पुसण्यातले. मात्र ओळखीच्या दुकानातून "दोन वर्षांचा अनुभव" असा खोटा दाखला आणणे, हे कार्बाइड.

आमच्यातल्याच एकाला पूर्वी एका मुलाखतीत विचारले होते, "संगणकावर हिशेब ठेवता येतो का?" येत नसतानाही तो "हो" म्हणाला आणि नोकरी मिळाली. पुढचे आठ दिवस त्याने भीतीत काढले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी स्वतःचे काम सांभाळून ह्याचेही करून देत असे. नवव्या दिवशी त्याने खरे सांगून टाकले. पण तोवर त्याच्या मनात दुसराच सल रुतला होता. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या एखाद्याला ते काम खरोखर येत असेल आणि तो रिकाम्या हाताने घरी गेला असेल. जागा एकच असते. आपल्या खोट्याची किंमत बहुधा असा कुणीतरी मोजतो, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. "येत नाही, पण शिकेन" हे उत्तर अशा वेळी पुरेसे आहे, मात्र शिकण्याची खरी तयारी हवी.

तरीही आपल्या मुलामुलींचा दोष बहुतेकदा उलट असतो. मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी घर सांभाळून पहिल्या वर्गात पास होते आणि मुलाखतीत मान खाली घालून पुटपुटते, "विशेष काही नाही." खोटा मोठेपणा हे जसे असत्य, तसाच खोटा लहानपणाही. जे कष्टाने कमावले ते सरळ मानेने सांगण्यात गर्व नाही.

मुलाखतीनंतर काय? आभार मानावेत आणि वशिला शोधत फिरू नये. एका ठिकाणी होकार देऊन दुसरीकडे जायचे ठरले, तर पहिल्यांना वेळेवर कळवावे. आणि नकार आला तर? तेव्हा परीक्षा घरच्यांची असते. मुलाला एक जागा नाकारली गेली आहे, मुलगा नव्हे. त्या संध्याकाळी "काय झाले?" विचारण्यापूर्वी "जेवलास का?" विचारावे.

आपल्यापैकी काहीजण टेबलाच्या पलीकडेही बसतात. त्यांची जबाबदारी मोठी. १९८० मध्ये अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आले की, श्रीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी एक तृतीयांश गुण तोंडी मुलाखतीला होते आणि प्रत्येकाला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळाली होती. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. दोन मिनिटांत माणूस ओळखता येतो, हा आपला भ्रम आहे.

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला गेला, तेव्हा थोरल्या मुलाची उंची व रूप पाहून त्यालाही वाटले की हाच तो. देव मात्र हृदय पाहत होता. धाकटा दावीद मेंढरांमागे होता. त्याला बोलावण्याचेही कुणाच्या मनात आले नव्हते. निवडणाऱ्याने म्हणूनच विचारावे, अजून कुणी बाहेर राहिले आहे का?

आणि जाणाऱ्याने एवढेच ठरवावे, की जो माणूस आत बोलला, तोच उद्या कामावर हजर होईल.