सावतोबांचा देव आणि माघातला गारठा

वसंतपंचमी उलटली तरी यंदा दवनीवाड्यात थंडी हटेना. शिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात, पण टमाट्याचा फुलोरा तोवर थांबत नाही. रात्री पारा 10 अंशांखाली उतरला की परागच नीट धरत नाहीत. फूल देठाशी पिवळं पडतं, बोट लागताच गळतं. म्हणून संध्याकाळी वाफे भिजवायचे, ओली जमीन उशिरा निवते. पहाटे बांधावर ओलसर तणसाचा धूर करायचा.

अरणच्या सावतोबांना, म्हणजे संत सावता माळ्यांना, मळ्यातच विठ्ठल भेटला. त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाचीच अरणला येते. मी माळ्याची लेक, हे मनापासून मानते. मग विचारावंच लागतं: भाजीत देव असेल, तर ती करपवणाऱ्या गारठ्यात कोण असतो? पूर्वजन्मीचं पाप म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याच गारठ्यावर शेजारच्या वावरातला हरभरा पोसतो. तो पुण्यवान आणि माझा टमाटा पापी? गारठा कुणाचा न्याय करायला येत नाही. फूल गळणार हे दिसत असूनही पहाटे उठून धूर करावासा वाटतो, त्या वाटण्यात मला विठ्ठल सापडतो. आंब्याच्या मोहोरावर भुरी दिसू लागलीय, उद्या गंधक मारायचं आहे.