मुलांचा हट्ट आणि आईबापांचा विवेक

हल्ली घरोघर एक तंटा ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला अमुक सिनेमा बघायचा आहे. आईबाप म्हणतात, तो तुझ्यासारख्यांनी बघायचा नाही. मूल विचारते, "का?" त्यावर पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळते, "सांगितलं ना, नाही म्हणून!" मूल गप्प बसते, परंतु त्याचा प्रश्न गप्प बसत नाही. तो आईबापांच्या पदरी तसाच पडून राहतो. ह्या प्रश्नाचा दोन घटका निवांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणतील, सिनेमा ही चीजच वाईट, तेव्हा मुळावरच घाव घाला. हे आम्हांस पटत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी जो चित्रपट लोकांपुढे आणला, तो सत्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्या राजा हरिश्चंद्राचा होता. १९३६ साली प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला आणि विष्णुपंत पागनिसांच्या रूपाने तुकोबाराय कित्येकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तेव्हा आपले भांडण सिनेमाशी नाही. कोणता, कोणाला आणि कोणत्या वयात, एवढेच ठरवायचे आहे.

मग हे ठरवायचे कोणी? सरकार काही प्रमाणात ठरवते. १९५२ चा चित्रपटविषयक कायदा आहे. त्याखाली सर्वांसाठी 'यू' आणि केवळ प्रौढांसाठी 'ए' असे दाखले मिळत. १९८३ पासून त्यांच्या मधला 'यूए' आला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचेही सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग झाले. अठरा वर्षांखालच्या मुलास 'ए' दाखल्याचा चित्रपट थिएटरात बघता येत नाही. परंतु 'यूए' हा आईबापांना दिलेला इशारा आहे. पुढचा निर्णय कायदा त्यांच्यावरच सोपवतो. म्हणजे सरकारने पाटी लावली आणि प्रश्न परत घरी पाठवून दिला! इंटरनेटवरून घरात येणाऱ्या चित्रपटांसाठी २०२१ च्या नियमांनी वयाची पाटी आणि आईबापांच्या हातचे कुलूप, दोन्ही आणले. कुलूप असावे, आमची ना नाही. पण शेजारच्या पोराच्या फोनला आपले कुलूप लागत नाही. वय सांगणारी पाटी आपल्या मुलाचे मनही ओळखत नाही. एक मूल दहाव्या वर्षी धीट असते, दुसरे चौदाव्या वर्षीही रात्री दचकून उठते.

तेव्हा 'अयोग्य' ह्या शब्दाचा अर्थ आपला आपणच लावला पाहिजे. भयंकर प्रसंग आहे म्हणून अयोग्य म्हणावे, तर आपल्या कीर्तनात काय असते? गोरोबाकाका भजनात रंगून चिखल तुडवतात आणि पायाखाली पोटचे पोर येते. चांगुणा अतिथीसाठी आपल्या चिलयाला उखळात कांडते. ह्याहून भयंकर ते काय असायचे? तरी आईच्या मांडीवरची पोरे ह्या कथा ऐकतात, मुसमुसतात, तिच्या कुशीत शिरतात. आणि त्यांना उचलून बाहेर न्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. कारण तिथे मरण हे मरण असते, आईचा हंबरडा हा हंबरडा असतो. बुवा त्या प्रसंगाची मजा घेत नाहीत, श्रोत्यांनाही घेऊ देत नाहीत. आणि मूल तिथे एकटे नसते.

म्हणून पहिली कसोटी आम्ही अशी धरतो: दुसऱ्याचे दुःख तिथे दुःख म्हणून दाखवले आहे, की गंमत म्हणून? बाईची विटंबना चालली आहे आणि बघणाऱ्याने शिट्टी मारावी अशी मांडणी आहे; माणसे पटापट मारली जातात आणि मेलेल्याच्या घरी रडायला कोणी नाही, अशी गोष्ट मुलाला नाकारली तर आईबापांनी अन्याय केला असे होत नाही. तिथे मन मऊ करू नये. मूल रुसेल, दोन दिवस धड बोलणार नाही. ते सोसावे.

परंतु दुसरी कसोटी आईबापांना अवघड जाणारी आहे. अयोग्य खरे, पण कोणाला? मुलाला, की आपल्याला? २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. आपल्या पंढरीच्या सोलापूर जिल्ह्यातलाच, करमाळ्याकडचा मुलूख त्यात आहे. पोरे त्याच्या गाण्यांवर नाचली, आणि कित्येक वडीलधारी म्हणाली, हा बघून पोरं बिघडतील, पळून जातील. वयात येणाऱ्या मुलांची काळजी आम्ही खोटी म्हणत नाही. त्याचा शेवट लहानांना झेपणारा नाही, हेही खरे. पण त्या चित्रपटात खून कोण करते? प्रेमात पडलेली पोरे नव्हेत. जातीचा अभिमान दुखावलेली घरचीच माणसे करतात, आणि मागे एक लहानगे लेकरू उरते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हा सिनेमा नको म्हणणाऱ्या बापाने आपल्या मनाला खरे विचारावे: मुलगी बिघडेल ही भीती आहे, की ती घरी येऊन "बाबा, आपल्याकडे असंच झालं असतं का?" असे विचारील, ही?

ही अडचण आजची नाही. १९३५ साली प्रभातने नाथमहाराजांवर चित्रपट केला. व्ही. शांताराम दिग्दर्शक आणि बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी नाथ जेवतात, हा त्यातला गाभा. त्याचे 'महात्मा' हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. मोठ्या माणसांना जे टोचते, ते लहानांना अपाय करतेच असे नाही. उलट कधी कधी तेच त्यांनी बघायला हवे असते.

आता नाही म्हणायचे ते कसे म्हणावे? आधी आपण तो सिनेमा बघावा, निदान नीट चौकशी करावी; नुसत्या ऐकीव गोष्टीवर निकाल देऊ नये. मग कारण सांगावे, मुलाच्या वयाला समजेल असे. कधी बघता येईल तेही सांगावे: "दहावीला गेलास की आपण दोघं मिळून बघू." कोणी म्हणेल, आम्ही बघतो आणि पोरांना नको म्हणतो, हे ढोंग नव्हे का? नव्हे. चार वर्षांच्या पोराला आपण मिरचीचा ठेचा देत नाही, आणि स्वतः त्याच्यासमोर बसून खातो. त्यात ढोंग नाही, कारण ठेचा आपण लपून खात नाही. पण जे मुलाला "घाण" म्हणून नाकारले, तेच रात्री दार लोटून बघत बसलो, तर मूल शिकते ते एवढेच, की मोठे होणे म्हणजे दार लोटता येणे.

ह्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. कितीही राखले तरी एक दिवस मूल मित्राकडे, कुठल्या तरी फोनवर, नको ते बघणारच. सिनेमा तीन तासांत संपतो. पण डोळ्यांपुढचे चित्र संपत नाही. ते मूल रात्री अंथरुणात तळमळते आणि विचार करते, हे आता कोणाला सांगू? ज्या घरी "नाही म्हणजे नाही" एवढेच ऐकले, तिथे ते सांगू शकत नाही. सांगितले तर आधी चोरी उघडी पडते. मग ते भय किंवा तो विकार ते एकटेच वागवते. आईबाप मात्र समाधानात असतात, की आमच्या पोराला असले काही ठाऊक नाही.

नकार द्यावा, जरूर द्यावा. पण तो असा असावा, की उद्या तो मोडला तरी मुलाने मध्यरात्री उशाशी येऊन म्हणावे, "आई, मी ते बघितलं. मला झोप येत नाही." आणि आईने त्या वेळी रागे भरण्याआधी त्याला पांघरुणात ओढून घ्यावे.