सूट नको, मैदान द्या

महाविद्यालयाच्या मैदानाच्या कडेला लिंबाचे झाड असतेच, आणि खेळाच्या तासाला त्याच्या सावलीत बसलेली चार-सहा मुलेही. एकाचा पाय अधू, एकीला कमी दिसते, एकीची परभणीहून जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावाला जाणारी बस सुटायला आलेली. सरांनी त्यांना सूट दिलेली असते. हजेरी लागते, पास होण्यापुरते गुण पडतात, कोणाची तक्रार नसते. माझी तक्रार नेमकी या तक्रार नसण्याबद्दल आहे. प्रवेश नाकारला तर माणूस दाद मागू शकतो. सूट दिली की त्याला आभार मानावे लागतात, आणि शिकायचे ते राहूनच जाते.

खेळ हा अभ्यासाबाहेरचा विरंगुळा होता तोवर हे खपून गेले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात मात्र खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, कला अशा उपक्रमांना श्रेयांक आहेत. मैदान आता गुणपत्रिकेत आले आहे. कायदा तर त्याआधीच आला होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व शासनाचे साहाय्य घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या. त्याच्या २९व्या कलमात संस्कृती व करमणूक आहे आणि ३०व्या कलमात क्रीडा. म्हणजे कायद्याच्या नजरेत खेळणे आणि रमणे हेही हक्कच आहेत. विद्यापीठांनी जागा राखल्या, पण त्या जागेवर आलेल्या विद्यार्थ्याला क्रीडा किंवा पर्यटन शिकवायचे कसे, हे शिक्षकाच्या भलेपणावर सोडून दिले.

यावर ठरलेला आक्षेप असा की, खेळात निवड असणारच. जो पळेल तो पुढे जाईल. सगळ्यांना सामावायचे तर दर्जा घसरेल. हा आक्षेप कुस्तीच्या गावांनी तरी घेऊ नये. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो वजनगटात. त्यांच्यासमोर शंभर किलोचा मल्ल उभा केला नाही म्हणून त्या पदकाला कोणी सवलतीचे म्हणत नाही. वजनगट म्हणजे दया नव्हे. जोड बरोबरीची असावी, कस खरा लागावा, यासाठी ती सोय आहे. पॅरा खेळांतले वर्गीकरण याच तत्त्वावर उभे आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव एफ-३४ या पॅरा गटात बसून गोळा फेकतात. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भारताचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी त्या एक होत्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात परभणीही येते. आपल्याच विद्यापीठाच्या मुलखातले हे उदाहरण अभिनंदनाच्या फलकापुरते राहते, की अशी बसून करायची गोळाफेक अभ्यासक्रमातही शिरते, हा खरा प्रश्न आहे.

स्पर्धेत निवड असते हे मान्य. पण अध्यापन म्हणजे स्पर्धा नव्हे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला. डोळ्यांनी पाहून उचलायची कसरत त्यांना स्पर्शाने आणि शब्दांनी पोचवावी लागली. पकड कुठे, भार कोणत्या मांडीवर, कंबर कधी वळवायची, हे प्रत्येक हालचालीचे नेमके वर्णन करून सांगायचे. अशा शिकवण्याने मल्लखांब सोपा झाला नाही, शिकवणे अवघड झाले. आणि नेमके वर्णन करता येणारा शिक्षक डोळस मुलालाही जास्त चांगले शिकवतो.

मैदानावरची सूट निदान दिसते; पर्यटनाच्या वर्गातली वगळणूक अधिक छुपी असते. पाठ्यपुस्तकातला पर्यटक सुटी काढतो, विमानाने जातो, हॉटेलात उतरतो, धडधाकट असतो. बोरीच्या विद्यार्थ्याने असे काही केलेले नसते. पण तो दिंडीत चाललेला असतो, परभणीच्या उरुसात फिरलेला असतो, जत्रेत दुकान मांडून बसलेला असतो. गर्दी कशी वळते, पाणी कुठे लागते, बायाबापड्यांची अडचण कुठे होते, हे त्याला आतून माहीत असते. यात्रा-व्यवस्थापन शिकवताना त्याचे हे ज्ञान उत्तरपत्रिकेत चालत नसेल, तर कच्चा तो विद्यार्थी नाही, तो अभ्यासक्रम आहे.

जिंतूर तालुक्यातच चारठाण्याची जुनी मंदिरे आणि कोरीव दीपमाळ आहे. तिथे सहल नेणे सोपे आहे. त्याऐवजी काम द्यावे: पायऱ्या किती, त्यांची उंची किती, व्हीलचेअर कुठवर जाईल, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, ज्याला दिसत नाही त्याला हे शिल्प मराठीत कसे सांगाल? या कामात व्हीलचेअरवरची मुलगी गटाच्या गळ्यातले लोढणे राहत नाही; तिच्या अनुभवावाचून काम पुरेच होत नाही. सूट आणि समावेश यांतला फरक तो हाच. सूट विद्यार्थ्याला कामातून वगळते, समावेश कामाची मांडणी बदलतो.

मुलींच्या बाबतीत तर हा बदल घड्याळातही लागतो. सराव संध्याकाळी पाचनंतर ठेवला की बोरी-जिंतूरकडून परभणीला अपडाऊन करणाऱ्या मुली आपोआप गळतात. त्यांना कोणी काढलेले नसते, वेळापत्रकाने काढलेले असते. मग ‘ग्रामीण मुलींना खेळात रस नाही’ असा निष्कर्ष निघतो. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलाची परीक्षा ऐन हंगामात घेऊनही हेच घडते.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. साऱ्या महाविद्यालयाला क्रीडा संचालक एकच, आणि त्याला अशा अध्यापनाचे प्रशिक्षण कोणी दिलेले नाही. म्हणून सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकणे अन्याय्य ठरेल. मुळाशी जायचे तर शिक्षक घडतो तिथे जावे लागते. बी.पी.एड.च्या प्रवेशाला मैदानी चाचणी द्यावी लागते. त्या चाचणीने एकाच प्रकारचे शरीर निवडले, तर उद्याचे क्रीडा शिक्षक स्वतः कधी सावलीत न बसलेलेच असतील, आणि त्यांना सूट हाच चांगुलपणा वाटत राहील. ती चाचणी गोळा किती लांब गेला एवढेच न पाहता, वेगवेगळ्या शरीरांना तो फेकायला शिकवता येईल का, हेही तपासू शकते. सरावाची वेळ बदलणे महाविद्यालयाच्या हाती आहे, प्रात्यक्षिकाचे पर्याय ठरवणे अभ्यास मंडळाच्या. ज्या विषयात सूट द्यावी लागते, तो विषय अजून नीट शिकवलाच गेलेला नाही, एवढे मान्य केले तरी कामाला सुरुवात होईल.